अर्धा इंच कमी

मी सुतारखान्यातली पट्टी बोलतेय. सागवानी, दोन फुटांची. खरं म्हणजे दोन फुटांना अर्धा इंच कमी. पण स्वतःबद्दल थोडं वाढवून कोण सांगत नाही?

मला मिस्त्रींनी स्वतःच्या हातांनी घडवलं. ते कपाटांचे सांगाडे करायचे, तात्या दारं आणि मावशी खण. दिवसभर तिघांची कुरकुर चालायची, "पट्टी कुणी ढापली?" पण दार लावलं की असं बसायचं, जणू लाकडालाच फुटलंय.

एका दुपारी मिस्त्री जेवायला बसले असताना तात्यांनी माझ्या शून्याकडच्या टोकाने व्हार्निशचा डबा उघडला. कट्! तात्यांनी इकडेतिकडे पाहिलं, मोडलेलं टोक कानशीने घासून गुळगुळीत केलं, मला खिळ्याला टांगलं आणि शीळ घालायला लागले.

दुसऱ्या दिवशी मावशींच्या लक्षात आलं, तिसऱ्या दिवशी मिस्त्रींच्या. कुणी चकार शब्द काढला नाही. कारण सांगाडा माझ्याच मापाचा, दार माझ्याच मापाचं, गिऱ्हाइकाची भिंत मोजायलाही मीच जायची. तिघंही एकसारखे चुकत होते आणि सगळं फिट्ट बसत होतं. अशी अकरा वर्षं गेली. मला तर वाटायला लागलं, जगच अर्धा इंच जास्त आहे.

मग मिस्त्रींची सून कामाला आली. हाताला चांगलं वळण असलेली, कामाची हौस असलेली. तात्यांची नजर कमी झाली होती, म्हणून दारं तिच्याकडे आली. तिने स्वतःची स्टीलची टेप आणली. ओढली की बाहेर, सोडली की पळाली! मला ती मुळीच आवडली नाही.

पहिलं दार लागेना.

"वीस इंच सांगितलं होतं ना?" मिस्त्री म्हणाले.

"वीसच आहे, बाबा."

दुसरंही लागेना. "घाई नडली," तात्या म्हणाले. तिसऱ्याला मावशींनी सुस्कारा सोडला, "सगळ्यांनाच जमतं असं नाही गं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोरीची काडीचीही चूक नव्हती, आणि मला तोंड नाही.

तिने डबडबलेल्या डोळ्यांनी पिशवी भरली. "उद्यापासून मी येत नाही."

पण जातानाही आवराआवर करणारी ती! मला खिळ्याला टांगायला उचललं आणि तिचा अंगठा माझ्या टोकावर थबकला. तिने टेप काढून माझ्याशेजारी धरली.

"पट्टी अर्धा इंच कमी आहे."

तात्यांनी मान खाली घातली. "डबा उघडताना मोडली. माझ्याकडून."

"मला माहीत होतं," मिस्त्री पुटपुटले.

"मलाही," मावशी म्हणाल्या.

"मग तीन दारं होईपर्यंत मला का नाही सांगितलंत?"

"इतकी सवय झाली की आम्हीच विसरून गेलो, बाळ," मिस्त्री म्हणाले. "चूक आमची. तू जाऊ नकोस."

ती राहिली. पुढच्या आठवड्यात सगळ्यांच्या हातात टेप आली. तात्या मला सरस वितळवायच्या चुलीत घालायला निघाले होते. सून आडवी आली, "जुन्या कपाटांची वहीतली मापं हिचीच आहेत. दुरुस्तीला लागेल." तिने माझ्या पाठीवर पेन्सिलीने लिहिलं, 'अर्धा इंच कमी'. जरा झोंबलं, पण खोटं नव्हतं.

कालच तात्यांनी टेपच्या टोकाने व्हार्निशचा डबा उघडला. टोक वाकलं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. हात पक्कडीकडे गेला. मी खिळ्यावर श्वास रोखून होते. मग ते खाकरले.

"सूनबाई, मी परत माती खाल्ली. हे बघ."

सगळे पोट धरून हसले, तात्यासुद्धा. अकरा वर्षांत असं हसणं मी कधी ऐकलं नव्हतं. त्या हसण्यात मला माझ्या अर्ध्या इंचाचं दुःखही उरलं नाही.

तुमच्या घरी माझ्या काळातलं कपाट असेल आणि दार नीट लागत असेल, तर कृपा करून ते मोजू नका. आणि डबा उघडायला स्क्रू ड्रायव्हर नावाची वस्तू असते, एवढं कुणीतरी तात्यांना सांगा.