चोवीस अंश

ओपलला घ्यायला टेगन पाळणाघरात पोचली, तेव्हा पोरीची मान पुन्हा ओलीचिंब होती. टाळूवरचे केस चिकटलेले, कानामागे घामोळ्यांची लाल रांग. तान्ह्यांच्या खोलीतल्या भिंतीवरचा एसीचा आकडा मात्र शहाण्यासारखा चोवीस दाखवत होता.

"अंकल लॉईड सकाळी एसी बघून गेले," मर्ना म्हणाली. पाळणाघर तीच चालवायची. "म्हणे मशीन ठणठणीत आहे. मशीन ठणठणीत नि पोरं भिजलेली. आता मी यांच्या आयांना काय सांगू?"

टेगनला काय सांगायचं ते पक्कं ठाऊक होतं. किंबहुना तिने ते लिहूनही दिलं होतं. दाराशी पालकांचं पत्र टाचलेलं होतं: एसीची देखभाल नीट होत नाही, मेकॅनिक बदला. खाली बारा सह्या. तिसरी टेगनची, आणि पुढे तिने आपणहून जोडलेली एक ओळ: 'मी याच क्षेत्रात काम करते. हे यंत्र या खोलीत चोवीस अंश सहज राखू शकतं.'

इमारत उभी राहण्याआधी संगणकात तिची नक्कल उभारायची, वर्षभराचं ऊन-वारं तिच्यावरून फिरवायचं नि कुठली खोली किती तापेल ते सांगायचं, हे टेगनचं काम. या पाळणाघराची नक्कल तिनेच केली होती, ओपल पोटात असताना. म्हणून तर पोरीला मोठ्या अभिमानाने इथे घातलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती तीनलाच आली. उत्तर ऑस्ट्रेलियातल्या टाउन्सव्हिलचं नोव्हेंबरातलं, उन्हाळ्याच्या तोंडावरचं ऊन तेव्हा पश्चिमेकडून आडवं घुसतं. अंकल लॉईड खोलीच्या मध्यभागी खाली मांडी घालून बसले होते. साठीचा, उत्तरेच्या टॉरेस बेटांकडचा धिप्पाड माणूस. गावातली निम्मी यंत्रं त्यांच्याच हातची. दोन पोरं त्यांच्या पाठीवर चढायच्या खटपटीत.

"ये पोरी. तुझीच आहे ना ही, माझ्या पेचकसाचा चावा घेणारी?"

"माझीच."

"दात चांगले आहेत. कामाला लावतो." त्यांनी ओपलच्या हातातून पेचकस अलगद सोडवला आणि खिशातला तापमापक वर धरला. "हे बघ, हवा चोवीस. दाराशी चोवीस, पाळण्याशी चोवीस. मी खोटं बोलत नाही, हेही बोलत नाही. आता हे बघ." दुसरं यंत्र त्यांनी पश्चिमेच्या काचेवर रोखलं. आकडा चढत एक्केचाळीसवर थांबला. "हवा गार आहे. पण पोरं तापलेल्या तव्याशेजारी निजलीत. हवा अठरावर नेली तर दाराकडची कुडकुडतात, नि काचेकडची तशीच घामाघूम."

टेगन काचेपाशी गेली.

"पहिल्या नकाशात या काचेबाहेर ऊन अडवायला ॲल्युमिनियमची जाळी होती. मी पाहिली होती. मग म्हणे संगणकाने सांगितलं, गरज नाही. काढून टाकली." ते गुडघ्यावर हात टेकून उठले. "संगणकाला घाम येत नाही ना, बिचाऱ्याला."

टेगन हसली. ते हसू तोंडावरून पुसता पुसेना.

घरी न जाता ती ओपलला घेऊन ऑफिसात गेली. पोरगी मांडीवर, तोंडात ओळखपत्राची दोरी. टेगनने जुनी फाइल उघडली. या धंद्यात कोरी फाइल कुणी उघडत नाही. मागच्या कामाची घ्यायची, नाव बदलायचं, भिंती बदलायच्या. मागचं काम होतं वाचनालयाचं कोठार. खिडकीच नाही. तिथे यंत्राला 'हवा चोवीसवर धर' एवढं सांगितलं की पुरे. भिंती नि काचा मिळून अंगाला किती ऊब लागते, ते धरायचा पर्याय त्याच्याच खाली होता. तो निवडायचा राहून गेला होता. आणि कोण किती तास अवघडेल, तेही तिने हवेवरूनच मोजलं होतं. अर्थात शून्य तास आले. शून्य पाहून जाळी गेली.

समासात शेजारच्या टेबलावरच्या फ्रेझरची टीप तशीच होती: 'पश्चिमेला काच आहे. हवेवर ठेवू नकोस, तपास.' तिला आठवलं, तेव्हा ती म्हणाली होती, "फ्रेझर, मला आठवा महिना आहे, छळू नकोस." त्याने पुन्हा विषय काढला नव्हता.

तिने पर्याय बदलला. संगणकाने चार मिनिटं घेतली. शून्याच्या जागी चारशे बारा तास.

ओपलने पडद्यावर ओला हात मारला. टेगनने तिच्या कानामागे पाहिलं आणि नजर काढून घेतली. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि फाशीच्या दोरीला तिसरी गाठ चोराचीच.

मग मन वाटा शोधू लागलं. ही फाइल कोण उघडणार? उद्याच्या, गुरुवारच्या पालकसभेत तज्ज्ञ म्हणून उभं राहायचं, काचेला जाळी हवी असं सांगायचं. लॉईड सुटतील, पोरं निवतील, वर लोक आभार मानतील. आभार हा शब्द मनात आला आणि तिची कानशिलं तापली.

गुरुवारी पाचला पालक छोट्या छोट्या खुर्च्यांवर गुडघे पोटाशी घेऊन बसले. अंकल लॉईड भिंतीला टेकून उभे, टोपी हातात. मर्नाने पत्र वाचून दाखवलं. टेगनच्या ओळीवर तिचा आवाज जरा जोरात चढला. तिला ती ओळ फार आवडली होती.

"ती ओळ चूक आहे," टेगन म्हणाली. उभी राहताना खुर्चीच तिच्याबरोबर उठली, कुणीतरी हसलं. "मशीन बरोबर आहे. अंकल लॉईड बरोबर आहेत. या खोलीचं गणित मी केलं. जाळी नको, असा अहवाल माझा."

"म्हणजे कॉम्प्युटरची चूक," मागचे एक वडील समजुतीने म्हणाले.

"नाही. मी विचारलं तेवढंच त्याने सांगितलं. मी हवेचं विचारलं. मुलांचं विचारलं नाही."

एका आईने आपल्या बाळाला या मांडीवरून त्या मांडीवर घेतलं. मर्ना पत्राकडे बघत राहिली.

"तुला कधी कळलं?" तिने विचारलं.

"काल."

"आणि सही केलीस गेल्या आठवड्यात."

"हो. न तपासता."

मर्नाने पत्र तिच्यापुढे सरकवलं. "मग हे लेखी दे. तुझ्या ऑफिसला दाखवायला लागेल मला. जाळी काय आकाशातून पडणार नाही."

फ्रेझरची टीप, ऑफिसातल्या साहेबांचा चेहरा, सगळं डोळ्यांपुढून गेलं. टेगनने आपल्या ओळीवर रेघ मारली आणि खाली लिहायला घेतलं. अंकल लॉईड येऊन मागे उभे राहिले. त्यांची माफी मागायला तिने मान वळवली.

"सही मी पहिल्याच दिवशी पाहिली होती," ते हळूच म्हणाले. "काल तू हसलीस ना, तेव्हा वाटलं, हिला आता कळलं." थोडं थांबून त्यांनी कागदावर बोट ठेवलं. "नाव पूर्ण लिही."

तिने पूर्ण लिहिलं.

"आता चल. जाळी येईस्तोवर पाळणे दाराकडे घेऊ. तो टोकाचा धर, जड आहे."

तिने पाळण्याचं टोक धरलं. काचेजवळून उचलताना लोखंडाची दांडी तळव्याला चटका देऊन गेली; तिने हात सोडला नाही.