न चाखलेलं पुरण

दवाखान्यातून आल्यापासून मामंजी पंगतीत बसत नव्हते. डॉक्टरांनी तूप, गूळ, साखर कमी करा, वजन उतरवा म्हणून बजावलेलं; तेव्हापासून त्यांचं ताट मागच्या खोलीत न्यावं लागायचं. आम्हाला गोड खाताना बघायचंच नाही, असा हट्ट. हिम्मतराव हे नाव उगीच नव्हतं ठेवलेलं. सासूबाई मात्र आतल्या आत झुरत होत्या. त्यांना नवऱ्याला समोर बसवून वाढायचं होतं, बाकी काही नको होतं.

होळीला त्यांनी ठरवलं, हलकी पुरणपोळी करायची आणि ह्यांना पंगतीत आणायचं. माझा नवरा प्रशांत दिलसुखनगरच्या नव्या दुकानातून साखरेऐवजी घालायच्या गोळ्या घेऊन आला. ब्याण्णव-त्र्याण्णवचा काळ, बाजारात रोज काहीतरी नवं यायचं आणि प्रशांतला ते सगळं हवं असायचं. ‘कॅलरी’ हा शब्द तो देवाचं नाव घेतल्यासारखा उच्चारायचा. सासूबाईंनी गूळ नावाला घातला, गोळ्या कुटून डाळीत टाकल्या आणि पुरण चांगलं रटरटू दिलं. चाखायचा प्रश्नच नव्हता. नैवेद्याआधी जिभेला लावायचं नाही, हा नियम आमच्याकडे मोडत नाहीत.

नैवेद्य झाला. सासूबाईंच्या मिनतवारीने मामंजी पाटावर येऊन बसले. पहिला घास घेतला आणि थांबले. मीही घेतला. नुसती शिजलेली हरभऱ्याची डाळ. उकळताना गोळ्यांची गोडी पार उडून गेली होती. देवाने बिचाऱ्याने मुकाट्याने खाल्लं होतं. सासूबाई मान वर करेनात. मामंजी उठायला हात टेकणार, एवढ्यात मला पातेलं आठवलं.

बेगम बाजारातून आणलेली सुकी खुबानी, म्हणजे जर्दाळू, मी दुसऱ्या दिवशी ‘मिठा’ हा गोड पदार्थ करायला रात्रीच त्या पातेल्यात भिजत घातली होती. साखर अजून पडायची होती. बिया काढून ती तशीच तिच्या पाण्यात कुस्करली आणि मामंजींच्या पोळीवर वाढली.

त्यांनी घास घेतला. “साखर किती टाकलीस?”

“दाणासुद्धा नाही.”

“झूट नक्को बोलू, त्रिवेणी.”

मी पातेलंच पुढे ठेवलं. मग स्वतः बोट बुडवून चाटलं आणि खरं सांगते, थक्क झाले. लग्न होऊन आल्यापासून मी खुबानीचा मिठा करत होते आणि त्यात वाट्या भरभरून साखर ओतत होते. ती सुरकुतलेली, मळकट फळं रात्रभर साध्या पाण्यात काय पडली, पाणीसुद्धा गोड करून बसली होती. एवढी गोडी त्यांच्यात मुळातच होती आणि आमच्या साखरेने ती आम्हाला कधी कळूच दिली नव्हती. कॅलरीवाल्या प्रशांतनेही वाटी पुढे केली.

“बिया कुठंयत?” मामंजींनी विचारलं.

खुबानीच्या बिया फोडून आतला गर काढायचं काम आजारपणाआधी त्यांचंच असायचं. मी बिया आणि बत्ता आणून दिला. पाटावरून न उठता ते एकेक बी फोडू लागले. पहिला गर त्यांनी शेजारच्या रिकाम्या पानात ठेवला.

“भामा, वाढणं ऱ्हाऊ दे. इथं बस.”

सासूबाई पदराने डोळे पुसत त्या पानावर बसल्या.

“आणि उद्या माझं ताट आत नेऊ नक्को,” मामंजी म्हणाले.