पंधरावी तक्रार

पोलिसांच्या बंद फायली लोकांना खुल्या करायचा कायदा आमच्या राज्यात झाला आणि मिस अर्नेस्टीननी पहिल्याच आठवड्यात अर्ज टाकला. फाइल घरी आली. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू, म्हणून वाचायला बोलावलं ते नेमकं मलाच.

फाइल केसलरची. गाडीचा मागचा दिवा बंद होता, एवढ्यावरून ज्यानं त्यांच्या मुलाला, सेड्रिकला, थांबवून गोळी घातली, तो पोलीस.

मी वाचत गेले. मारहाण. शिवीगाळ. पुन्हा मारहाण. तक्रारदारांची नावं काळ्या पट्ट्यांखाली झाकलेली, आणि प्रत्येक पानाच्या शेवटी तेच, 'कारवाई नाही.'

"किती झाल्या गं, व्हर्नेटा?"

"चौदा."

"आणि ठाण्यातल्या ह्या मेल्यांनी तेव्हा त्याला माझ्या अंगणात आणून बसवला! 'हा तुमच्या गल्लीचा पोलीस,' म्हणे. दोन वाट्या पीच कॉबलर हाणलं त्यानं. वर विचारतो, आणखी आहे का?"

त्या हसल्या. मला हसू येईना, कारण माझ्या हातात पंधरावी होती.

ती माझी होती. केसलरनं माझ्या नवऱ्याचा हात पिरगळून मोडला, तेव्हा लिहून दिलेली. मिस अर्नेस्टीन गल्लीच्या मंडळाच्या अध्यक्ष. आम्ही काळी माणसं पोलिसांशी बोलायचो ती त्यांच्याच तोंडून. चर्चहून येताना त्यांनी मला गाठलं. "पोर वाईट नाही गं. एकदा चुकला. तक्रार मागे घे, त्याची हमी माझी." मी घेतली मागे. माझा केसलरवर विश्वास नव्हताच, त्यांच्यावर होता. पाच महिन्यांनी सेड्रिक गेला.

"संपली का?"

"संपली."

"खोटारडी कुठली. तुझी राहिली. वाच, मोठ्यानं."

मी वाचलं. 'मंडळाच्या अध्यक्षांनी समजूत घातल्यामुळे तक्रार मागे.' माझं नाव पट्टीखाली होतं. त्यांचं पद तेवढं स्वच्छ वाचता येत होतं.

मला रडू फुटलं. "तुम्हाला कुठं ठाऊक होत्या त्या चौदा? त्यांनी दडवून ठेवल्या. सांगितलं असतं तर तुम्ही त्याला दारात उभं केलं नसतं."

मिस अर्नेस्टीननी माझ्या हातातून तो कागद घेतला आणि नीट घडी घातली.

"चौदा नव्हत्या ठाऊक," त्या म्हणाल्या. "तुझी होती. तुझ्या नवऱ्याच्या हाताचं प्लास्टर मी स्वतः बघून आले होते."