सत्त्याऐंशी टक्क्यांवर अडलेली आत्या

यातलं एक अक्षरही कुणाला पटायचं नाही. न पटो. कात्र्याचा कॉम्प्युटर त्या दिवशी इतका तापला, की त्याच्या पंख्याच्या वाऱ्यावर समोरच्या बिऱ्हाडाच्या दोन सतरंज्या वाळल्या आणि तिसरी करपली.

कात्र्या म्हणजे लोकांच्या समारंभांच्या फिल्म कापून-जोडून देणारा गडी. आत्याच्या माडीवरच्या खोलीत त्याचं दुकान: दोन स्क्रीन, एक खुर्ची आणि "झालंच" हा एक शब्द. त्या दिवशी आत्या मुख्याध्यापिकेच्या खुर्चीतून निवृत्त होणार होती. छत्तीस वर्षांची नोकरी, वीस मिनिटांची फिल्म. तिने सकाळीच बजावलं, "पाच वाजता शाळेच्या हॉलमध्ये फिल्म लागली पाहिजे. आणि माझ्या तोंडावर एकही सुरकुती दिसता कामा नये. नाहीतर ती खोली शिवणवर्गाला. त्या बायका निदान वेळेवर तरी येतात."

कात्र्याने रेंडर लावलं, म्हणजे सगळे तुकडे शिजवून एकसंध फिल्म बाहेर काढायला घेतली. सत्त्याऐंशी टक्क्यांवर गाडी थांबली. पुन्हा लावलं, पुन्हा सत्त्याऐंशी. तिसऱ्यांदा सॉफ्टवेअरने "काहीतरी चुकले आहे" एवढंच सांगितलं आणि खिडकी बंद करून घेतली, जेवणाच्या सुट्टीतल्या कारकुनासारखी.

मशीन बंद करून चालू केलं. कॅशे, म्हणजे मशीनच्या पोटात साठलेला कचरा, रिकामा केला. ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर नवा घातला. नवा जुन्याहून नाठाळ निघाला, म्हणून जुनाच परत बसवला. शेवटी कॅबिनेटचं झाकण काढून टेबलफॅन लावला, तेव्हा जिन्यातून दाजी डोकावले. दाजी म्हणजे कात्र्याच्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांना जगातलं सगळं कळतं. आपल्याला काही कळत नाही, एवढंच कळत नाही.

"फोनवर कर की. माझ्या फोनवर दोन मिनिटांत होतं."

"तुमच्या फोनवर मांजर नाचतं, दाजी. ही वीस मिनिटांची फिल्म आहे."

"मग मांजर घाल. आत्यापेक्षा लोक तेच आवडीने बघतील."

साडेतीनला कात्र्याला युक्ती सुचली. त्याने फिल्म मधोमध कापली. पहिला अर्धा बिनतक्रार निघाला, दुसरा अडला. दुसऱ्याचे दोन केले, अडणाऱ्याचे पुन्हा दोन. असं निम्म्याचं निम्मं करत तो अकरा सेकंदांच्या एका तुकड्यावर पोचला. व्यासपीठावर आत्या, कॅमेरा तोंडाशी. आणि त्या तोंडावर कात्र्यानेच चढवलेला सुरकुत्या घालवायचा इफेक्ट, एकावर एक नऊ थर! आदल्या दिवशी आत्या त्याच्या खुर्चीमागे उभी राहून दर थराला म्हणत होती, "अजून थोडं." नवव्या थराला नाकसुद्धा गेलं, तेव्हा म्हणाली, "आता कशी मी मला ओळखू येतेय!"

उपाय सोपा होता. तो तुकडा वेगळा शिजवायचा आणि तयार झाला की फिल्ममध्ये बसवायचा. पण मशीन म्हणालं, अडीच तास. घड्याळ म्हणालं, चार. कात्र्याने देवाचं नाव घेतलं आणि नऊच्या नऊ थर सोलून काढले. फिल्म सुतासारखी सरळ बाहेर आली.

पाच वाजता पडद्यावर आत्याचं तोंड उमटलं. दहा फुटी. एकेक सुरकुती अशी, की तिच्यातून बैलगाडी जावी! पुढच्या रांगेतल्या बाईंना एकदम आपल्या चपला न्याहाळाव्याशा वाटल्या.

दिवे लागले. आत्या उठली. "कात्र्या, हे काय?"

कात्र्याला डोळ्यांपुढे शिलाई मशिनं दिसायला लागली. तो उभा राहिला आणि खोली वाचवायला तोंडाला येईल ते बोलत सुटला.

"आत्या, तुझी शपथ, इफेक्ट नऊदा लावला होता. पण मशीन अडून बसलं. स्क्रीनवर चक्क पाटी आली, 'या चेहऱ्यावर सुरकुतीच सापडत नाही, उगाच कामाला लावू नका.' मी हात जोडले, पंख्याने वारा घातला, ऐकेचना! विचार दाजींना."

दाजी बुटाची नाडी बांधायला खाली वाकले. बुटाला नाडी नव्हती.

आत्याने चष्म्यावरून पाहिलं. या नजरेपुढे छत्तीस वर्षं 'गृहपाठाची वही घरी राहिली' म्हणणारी पोरं आपणहून कबुली देत आली होती.

"मशीनला एकही सापडली नाही?"

"एकही नाही, आत्या."

"साफ खोटं! खोलीची किल्ली आण इकडे. आणि मशीनला सापडली नाही, तर मग पडद्यावर होती ती कोण, माझी आजी?"