उसवलेले नऊ फेरे

माझ्या सुनेला, प्रज्ञाला, एक वाईट खोड आहे. पाहुणे येणार म्हटलं की हिला सगळं सरळ लागतं. पोरांनी काढलेली रांगोळी पुसून परत काढील, वाकडी भाकरी टोपल्यात खाली लपवील. ती बी.एड. झालेली, मी चौथी, म्हणून मी गप्प बसत आले. गप्प बसणं माझ्या रक्तात नाही, तरी बसले. तीच चूक झाली.

पाथर्डीत आमच्या घरामागं पत्र्याची पडवी आहे. रोज सकाळी तिथं सहा पोरं येतात. कुणी सोळाचं, कुणी पंचविशीचं. प्रज्ञा त्यांना स्वमग्न म्हणते, गाव येडी म्हणतं, मी नावानं हाका मारते. प्रज्ञानं चित्रं आणि मातीकाम सुरू केलं, मी गोधडी. मला दुसरं येतं काय? पण गोधडी अशी येते, की माझ्यासारखा टाका चार तालुक्यांत नाही. हे मी नाही, रतनबाई म्हणते.

संस्कृती या रतनबाईची नात. सतरा वर्षांची, तोंडातून शब्द नाही. आईबाप दरसाल ऊसतोडीला जातात, तोवर पोर आजीजवळ. आधी दोन महिने ती पडवीच्या दारातच उभी राहायची. दिवाळीनंतर एक दिवस आईची जुनी हिरवी साडी छातीशी धरून आत आली. मी सुई दिली.

गोधडी कडेनं शिवत आत यायची, फेऱ्यावर फेरा. आमच्या घरची रीत अशी, की ज्या हाताचा पहिला टाका, त्याच हाताचा शेवटचा. मधोमध पोट उघडं ठेवायचं, त्यात ज्वारीचे पाच दाणे घालायचे, मगच मिटवायचं. संस्कृतीनं नऊ फेरे घातले. टाके कसले, कोंबडीचे पाय! मी म्हणायचे, "अगं, ही शिलाई हाय का पायवाट?" ती डोळे मिटून घ्यायची. तेच तिचं हसू.

गुरुवारी नगरहून दोन बाया काम बघायला यायच्या होत्या. पसंत पडलं तर तिकडं मोठ्या हॉलात लावणार होत्या. मी दोन दिवस लेकीकडं शेवगावला गेले होते. सोमवारी येऊन बघते तर संस्कृतीची गोधडी पुरी! टाके असे, की मुंग्यांची रांग. पोर आली तशी मी तिच्या पाठीवर थाप मारली. "शाबास गं वाघिणी! आता बसला हात!"

तिनं कडेवरून बोट फिरवलं. परत फिरवलं. डोळे काही मिटले नाहीत. सुई माझ्या मांडीवर ठेवली आणि भिंतीकडं तोंड करून बसली.

पडवीतल्या सहांतला ओम बावीस वर्षांचा. चिंध्या रंगानं लावतो आणि दिसेल ते मोजतो. तो गोधडीवर वाकला. "तीन बारीक, एक लांब. तीन बारीक, एक लांब. तसं न्हाई. हे सगळे सारखे. हे तिचे न्हाईत."

मी चष्मा लावला. कापडावर जुन्या टाक्यांची भोकं होती. तीन जवळ, एक लांब. नऊ फेऱ्यांत एकदा चूक नाही. पन्नास वर्षं सुई धरणाऱ्या मला तिथं कोंबडीचे पाय दिसले होते.

प्रज्ञाची मान खाली. "आई, बाहेरची माणसं हसली असती हो तिला. मला बघवलं नसतं. दोन दिवस, दोन रात्री बसून तिचे टाके उसवले आणि नीट घातले."

"आन् पोट?"

"मिटवलं."

"दाने?"

"ते राहिलेच."

मंगळवारी संस्कृती आली नाही. बुधवारी रतनबाई एकटीच आली. "भागिरथे, पोर घास घेईना. नुसती भिंतीकडं बघती. काय केलं गं तुमी तिला?" तशीच मी उठले. मी तिच्या घरी गेले, सुई पुढं धरली. पोरीनं दोन्ही हात मांडीखाली दडपले.

दुपारी पडवीत बसून मी प्रज्ञाचा एकेक टाका उसवला. ती धावत आली.

"आई! उद्या पाहुणे यायचेत! दाखवायचं काय आता?"

मी दोरा दातानं तोडला आणि तिला म्हणाले, "भोकं दाखव. तिची कुठली, तुजी कुठली, ते ओम सांगंल. आन् ही रिकामी आमी दोघींनी केली म्हनावं, तू उसवून, म्या शाबासकी देऊन. पोर तीन म्हैने कायतरी सांगत हुती, तुला बी.एड. करून कळलं न्हाई, मला म्हातारी हून कळलं न्हाई. आता ह्या गोधडीला तुजा हात लागायचा न्हाई, माजाबी न्हाई. पोट उघडं ऱ्हाईल. पाच दाने माज्या पदराला बांधलेत. परवापासनं रोज सकाळी तू रतनबाईच्या वट्यावर जाऊन बसायचं. शिकवायचं न्हाई, समजवायचं न्हाई. पोरीनं मागितली तर सुई द्यायची. न्हाई मागितली, तर बसून ऱ्हायचं. म्या शेजारी बसनारच हाय."