चौथा ठिपका

तिने चौकट दुप्पट केली, गणित पुन्हा चालवलं, आणि संगणकाच्या पडद्यावरचा चौथा ठिपका सरकला.

ती खुर्चीतून अर्धवट उठली, पुन्हा बसली. काचेवर बारीक समांतर रेघा कोरल्या की त्यांतून गेलेला प्रकाश लांबच्या भिंतीवर ठिपक्यांत फुटतो. कुठला ठिपका कुठे पडणार हे रेघांमधलं अंतर ठरवतं. चौकट म्हणजे काचेलगतच्या प्रकाशाचा गणिताला घेतलेला तुकडा, ठिपक्याच्या जागेत चौकटीने तोंड घालायचं कारणच नव्हतं. वेळ वाचावा म्हणून तिने हा तुकडा आखूड कापला होता, आणि त्या कापलेल्या कडेनेच हा चौथा ठिपका जन्माला घातला होता. तिने चौकट तिप्पट केली. मेला आणखी सरकला.

या ठिपक्यापायी मामांचं वर्ष पाण्यात गेलं होतं. रेघा कोरणाऱ्या या माणसाला सगळी प्रयोगशाळा मामाच म्हणायची. काचेमागून काच कोरली, पण गणितातला चौथा ठिपका भिंतीवर काही उमटेना. हातच गेला माझा, म्हणत ते डोळेसुद्धा तपासून आले. परवा प्रयोगशाळा चालवणाऱ्या सरांनी तोंडावर सांगितलं होतं, याही काचेत दिसला नाही तर गाशा गुंडाळा.

ती धावतच खालच्या खोलीत गेली. मामा लेझरसमोर काच बसवत होते.

"मामा, चूक माझी होती. तुमच्या हाताला काही झालेलं नाही. चौथा ठिपका नाहीच!"

"नाहीच म्हणजे?"

"माझ्या गणितातला कचरा होता तो. आत्ता जाऊन सरांना सांगते. बघू कोण तुम्हाला काढतंय."

मामा स्टुलावर टेकले.

"थांब पोरी. सरांना मी सकाळीच सांगितलं. दिसला म्हणून."



"कुठे दिसला?" तिने विचारलं. विचारू नये हे कळत होतं तरी.

"तुझ्या चित्रात होता तिथेच," तिच्याकडे न बघता ते म्हणाले.

जिन्यावर पावलं वाजली. सर हसतच आत आले.

"दोघंही आहात, छान. दाखवा बघू आता." त्यांनी खोलीतला दिवा मालवला.

समोरच्या भिंतीवर तीन ठिपके लख्ख उमटले. शेजारी मामांचा श्वास अडकत अडकत येत होता. तो ऐकवेना तिला.

"तिथे, सर," तिने कोऱ्या भिंतीकडे बोट केलं. "जरा पुसट आहे."

सर डोळे बारीक करून पुढे वाकले.

"हो की," ते म्हणाले.