साक्षीच्या दोरीवरचा चष्मा

मी एक चष्मा बोलतोय. तपकिरी प्लास्टिकची फ्रेम आणि डाव्या काडीला दोऱ्याचे वेढे. माझा नंबर जवळचा. माझ्यातून पुस्तकातलं वाचता येतं, पण लांबचं झाड धुरकट दिसतं. माझ्या मालकिणीचे डोळे लांबचं पाहायला चांगलेच होते. तिची अडचण फक्त वाचायची होती.

अंबडच्या एका दुकानात माझ्या काचा फ्रेममध्ये बसवल्या गेल्या. दुकानदारानं बेबीनंदाबाईंच्या पुढं वर्तमानपत्र धरलं. त्यांनी ते बाजूला सारलं, पिशवीतून आपलं पवित्र शास्त्र काढलं आणि त्यातली बारीक अक्षरं वाचून पाहिली.

"हे वाचता आलं म्हंजी बराबर," त्या म्हणाल्या, आणि मी त्यांचा झालो.

बेबीनंदा अंगणवाडीत सेविका. नवरा गेल्यापासून त्या धाकटा भाऊ देवानंद याच्या शेजारच्या घरात राहत. अंबड रस्त्यावरच्या त्या गावात ख्रिस्ती घरं पंधरा-सोळा. जुने पाळक बदलून गेले होते, नवे महिन्यातून एकदा येत. उरलेल्या रविवारी प्रार्थनाघरात बेबीनंदाच वाचन करीत. त्यांची एक सवय होती. कुणी एखादं वचन सांगितलं की त्या पान उघडून त्याच्या वरच्या आणि खालच्या ओळी वाचत. "मागचं-पुढचं पाह्यल्याबिगर कळत न्हाई," असं म्हणत.

देवानंदची मुलगी रूपाली अकरा वर्षांची. वाचन चाललं की ती आत्याला खेटून बसायची. तिला सातव्या वर्षापासून शुगरचा आजार होता. रोज सकाळ-संध्याकाळ इन्सुलिनची सुई टोचून घ्यावी लागे. घरात फ्रिज नव्हता, म्हणून औषधाची बाटली ओल्या माठाच्या गारव्यात ठेवलेली असायची. सुई टोचताना ती पोर रडायची नाही. नजर मात्र भिंतीकडं वळवायची. ते आत्याला बघवत नसे.

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात ब्रदर सूरज गावात आले. त्यांनी रस्त्याकडेला पत्र्याचं शेड उभारलं. आवाज असा की ऐकणाऱ्यानं हातातलं काम सोडावं. सुरुवातीला त्यांच्या शिकवणीत खोट काढायला जागा नव्हती. आजाऱ्याच्या उशाशी बसत, असेल ती भाजी-भाकरी खात, शास्त्र उघडूनच बोलत. पुढं ते उघडणं कमी झालं. देव आपल्याशी थेट बोलतो, असं ते सांगू लागले. मग म्हणू लागले, अक्षरात अडकू नका. बेबीनंदा पान शोधेपर्यंत ते दुसऱ्याच वचनावर गेलेले असत. माझ्यातून पाहताना त्यांचं बोट अर्ध्या वाटेत थांबायचं.

एका रविवारी शेडातल्या मंचापुढं एक टोपली ठेवली गेली.

"ज्याचा विश्वास असेल त्यानं काठी, गोळ्या, चष्मा, सगळं इथं टाकावं," ब्रदर म्हणाले.

लोक रडत रडत पुढं आले. बेबीनंदाही गेल्या. ब्रदरनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला, मला नाकावरून उतरवलं आणि शेडच्या पार दुसऱ्या टोकाला लावलेला कापडी फलक वाचायला सांगितला. त्यांनी तो घडाघडा वाचला. टाळ्यांनी पत्रे दणाणले.

मी टोपलीतून पाहत होतो. "मला लांबचं..." असं काहीतरी बोलायला त्यांनी तोंड उघडलं होतं. ढोलकी सुरू झाली आणि त्यांनी ते मिटलं. पुस्तक वाचून दाखव, असं कुणीच म्हणालं नाही.

त्यानंतर मला मंचामागं एका दोरीवर लटकवलं. शेजारी आणखी चष्मे, एक कुबडी, गोळ्यांची पाकिटं. तिला साक्षीची दोरी म्हणत.

पुढच्या रविवारी बेबीनंदा आपण होऊन मंचावर आल्या. "मला आता चष्मा लागत न्हाई," त्यांनी सांगितलं. असं का केलं, ते त्यांनी नंतर सगळ्यांपुढं कबूल केलं. आठवडाभर बाया त्यांचा हात धरून बोलत होत्या, मान देत होत्या. तो गोड लागला होता. आणि आत कुठंतरी आस होती की देवानं चष्मा काढला असेल तर पोरीची सुईही काढील. घरी शास्त्र मिटलेलंच होतं. उघडलं असतं तर एक अक्षर वाचता आलं नसतं, आणि ते त्यांना पक्कं माहीत होतं.

पहिल्या रांगेत देवानंद बसला होता. त्यानं बहिणीच्या तोंडून ते ऐकलं. आक्का खोटं बोलत नाही, हे त्याला लहानपणापासून ठाऊक. त्याच संध्याकाळी त्यानं रूपालीची सुई बंद केली.

बुधवारी दुपारी उपास-प्रार्थना होती. देवानंद पोरीला खांद्यावर घेऊन आला आणि त्यानं तिला मंचापुढच्या सतरंजीवर निजवलं. तिचे ओठ कोरडे पडले होते, श्वास खोल आणि भराभर चालला होता. पाणी प्यायली की ओकत होती. तिची आई मीना पदरानं तिचं तोंड पुसत होती.

"ही शेवटची परीक्षा आहे," ब्रदर म्हणाले. "आता दवाखान्याकडं पळायचं नाही. देव आपल्या दूतांना सांगेल, ते पोरीला हातांवर झेलून धरतील. शास्त्रात लिहिलंय."

बेबीनंदानं मान वर केली. दूत हातांवर झेलतील, हे त्यांनी वाचलेलं होतं. ते कुणाच्या तोंडी आलंय, तेही त्यांनी वाचलेलं होतं.

त्या मंचामागं आल्या आणि मला दोरीवरून ओढलं. माझी डावी काडी तिथंच मोडली. मला तसाच तिरका नाकावर धरून त्यांनी शास्त्र उघडलं. पान सापडलं. आधी वरचं वाचलं, मग खालचं.

"ब्रदर, हे वाक्य येशूला कोण म्हणलं?"

"सिस्टर, ही वाचायची वेळ नाही. विश्वास ठेवा."

"सैतान म्हणलाय. मंदिराच्या टोकावर उभं करून, उडी टाक म्हणून. त्यानंबी शास्त्रातलंच सांगितलं. आन् येशूनं उडी टाकली न्हाई. देवाची परीक्षा पाहू नको, असं शास्त्रातूनच उत्तर दिलं. आपण ह्या पोरीला टोकावर उभं करून राह्यलो."

बेबीनंदा लोकांकडं वळल्या.

"मला लांबचं पहिल्यापासूनच दिसतंय. तो फलक मी चष्म्याबिगर कधीबी वाचला असता. मी खोटी साक्ष दिली."

देवानंद उठून उभा राहिला. "तू म्हणली म्हणून मी सुई बंद केल्ती, आक्का."

"माझ्यामुळंच झालं. आता पोरीला उचल."

त्यानं उचललं. शेजारचा शेतकरी भागवत रस्त्यावर पिकअप घेऊन उभा होता. त्यानं काही न विचारता गाडी जालन्याकडं हाणली. वाटभर बेबीनंदानं रूपालीचे पाय मांडीवर धरले होते. माझ्या काचांवर त्यांची आसवं पडत होती.

आणखी काही तास गेले असते तर पोर हाती लागली नसती, असं डॉक्टर म्हणाले. चौथ्या दिवशी रूपालीनं भाकरी मागितली.

ब्रदर सूरज दवाखान्याच्या फाटकापर्यंत आले होते, असं मीनानं पाहिलं. आत मात्र आले नाहीत. आता त्यांचं शेड मंठ्याच्या बाजूला आहे म्हणतात. मंचावर प्रार्थना करताना ते रडत. ते अश्रू खोटे होते, असं मी म्हणणार नाही. मी ते जवळून पाहिले आहेत. पण माणूस खरं रडतो म्हणून त्याची शिकवण खरी ठरत नाही.

देवानंद दोन महिने बहिणीशी बोलला नाही. बेबीनंदानं ते मुकाट्यानं सोसलं. एका सकाळी तो रूपालीचा हात धरून, सुई घेऊन त्यांच्या दारात आला. "आक्का, हे बारीक आकडे मला दिसंना गेले. किती भरलंय ते तू पाह्य." मोडक्या काडीला दोरा गुंडाळून त्यांनी मला लावलं आणि आकडा वाचला. मग त्यानं सुई हातात दिली, "आता तूच टोच," असं म्हणाला. त्यांनी टोचली.

तेव्हापासून शुक्रवारी दुपारी प्रार्थनाघरात पाच-सहा बाया शास्त्र उघडून बसतात. कुणीही उपदेश केलेला असो, अगदी पाळकांनी का असेना, त्या तो ओळीला ओळ लावून पाहतात. नवी बाई आली की बेबीनंदा आधी आपण काय केलं ते सांगतात. झाकून ठेवत नाहीत.

वाचकांनो, माझी एक विनंती आहे. प्रार्थनेला डोळे जरूर मिटा. पण कुणी देवाच्या नावानं काही शिकवू लागला तर ते उघडे ठेवा. त्याचा आवाज गोड असेल, आणि त्याच्यामुळं तुम्हांला मान मिळत असेल, तर जास्तच.

आता बेबीनंदाचा नंबर वाढलाय. गेल्या आठवड्यात त्यांचा नवा चष्मा आला. त्यांनी मला साबणानं धुतलं, पुसलं आणि कचरूमामांकडं घेऊन गेल्या. हे म्हातारबाबा अजूनही म्हणतात की पोर ब्रदरच्या प्रार्थनेनंच वाचली आणि बेबीनंदाचा विश्वास ढळला. त्यांचा चष्मा त्या शेडात गेला तो परत आलाच नाही. दीड वर्ष त्यांनी काही वाचलेलं नाही.

"तुझं काही ऐकायचं न्हाई मला," मामा म्हणाले.

"माझं नका ऐकू, मामा. तुमचं तुम्ही वाचा."

त्यांनी मला मामांच्या नाकावर बसवलं, शास्त्र मांडीवर ठेवलं आणि निघून गेल्या. त्यांची पाठ माझ्यातून धुरकट दिसली, आणि मी त्यांचा निरोप घेतला. मग मामांनी पान उलटलं, एका ओळीवर बोट ठेवलं आणि ओठ हलवत वाचायला सुरुवात केली.